फाइल पोहोचली, पण तिचे नाव?

एका प्रणालीतून फाइल उचलायची आणि दुसऱ्या प्रणालीत त्याच नावाने उतरवायची, ही मागणी ऐकायला इतकी साधी वाटते की त्या दोन प्रणालींना जोडणाऱ्या इंटरफेसच्या आराखड्यात तिला बहुतेक वेळा एक ओळसुद्धा मिळत नाही. मॅपिंगवर पानेच्या पाने लिहिली जातात, कोणत्या रकान्यातले मूल्य कुठे जाणार याचे तक्ते तयार होतात, अडचण आल्यास ईमेल कोणाला जाईल हेही ठरते. आणि मग चाचणी सुरू होताच पलीकडच्या फोल्डरमध्ये आकडे, अक्षरे आणि आडव्या रेघा यांनी भरलेले ३६ अक्षरांचे एक नाव दिसते, जे कोणीच ठेवलेले नसते. इंटिग्रेशनच्या कामात हा प्रकार वारंवार समोर येतो, आणि प्रत्येक वेळी त्यावर घाईघाईने ठिगळ लावले जाते. म्हणून यामागे नेमके काय घडते आणि ते कसे हाताळावे, हे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

मूळ कारण असे की फाइलचे नाव फाइलच्या आत नसतेच. युनिक्स घराण्यातल्या फाइल सिस्टिममध्ये हे स्पष्ट दिसते. फाइलचा आकार, मालक, परवानग्या, बदलाची वेळ आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे याची माहिती आयनोडमध्ये असते, नाव मात्र डिरेक्टरीतल्या नोंदीत असते; म्हणूनच एकाच आयनोडला एकाच वेळी दोन-तीन नावे असू शकतात. मिडलवेअरचा, म्हणजे दोन प्रणालींमध्ये मेसेजची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पाठवणाऱ्या बाजूचा अडॅप्टर (प्रणालीशी जोडणी करणारा भाग) फाइल उघडतो, तिच्यातले बाइट वाचतो आणि त्यांचा मेसेज तयार करतो, तेव्हा त्या मजकुरात नावाचा मागमूसही नसतो. पुढे राउटिंग, मॅपिंग आणि क्यू या सगळ्यांना फक्त मेसेज कळतो. तो फाइलमधून आला, एचटीटीपीवरून आला की डेटाबेसच्या टेबलातून आला, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते, आणि असे नसावे यासाठीच तर मिडलवेअर घेतलेले असते. तेव्हा नाव हरवले म्हणून मिडलवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. ते टिकवायचे असेल तर त्याची तजवीज आपल्यालाच करावी लागते.

बहुतेक उत्पादनांनी या तजविजीसाठी जागा करून ठेवलेली आहे. अडॅप्टर फाइल वाचताना तिचे नाव मेसेजच्या हेडरमध्ये, म्हणजे पेलोडच्या (मूळ मजकुराच्या) बाहेर, टिपून ठेवतो आणि लिहिणारा अडॅप्टर ते तिथून घेतो. अपाची कॅमल या इंटिग्रेशनच्या साधनात या हेडरचे नाव ‘कॅमलफाइलनेम’ असे आहे. तो भरलेला असेल तर फाइल त्या नावाने लिहिली जाते आणि नसेल तर मेसेजचा आयडीच फाइलचे नाव होतो. स्प्रिंग इंटिग्रेशन या तशाच साधनातही हीच तऱ्हा आहे: हेडर नसेल आणि पेलोड स्वतः फाइल नसेल, तर मेसेजच्या आयडीला ‘डॉट एमएसजी’ जोडून नाव तयार होते. मायक्रोसॉफ्टच्या बिझटॉकमध्ये पाठवणाऱ्या पोर्टवर ‘%सोर्सफाइलनेम%’ असा मॅक्रो लिहिता येतो. मेसेजच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच्यासोबतच्या माहितीत, मूळ नाव असेल तर त्याच्या जागी ते बसते. नसेल तर मॅक्रो जसाच्या तसा राहतो आणि डिस्कवर टक्क्यांच्या चिन्हांसकट त्याच नावाची फाइल तयार होते. ते विचित्र नाव पाहून लोक हसतात, पण मला ही वागणूक आवडते, कारण काहीतरी बिनसले आहे हे त्या फोल्डरकडे पाहणाऱ्या कोणालाही क्षणात कळते.

एसएपीच्या प्रोसेस इंटिग्रेशनमध्ये, आणि पुढे प्रोसेस ऑर्केस्ट्रेशनमध्ये, हेच काम ‘अडॅप्टर-स्पेसिफिक मेसेज अॅट्रिब्यूट्स’ या लांबलचक नावाच्या सोयीने होते. पाठवणाऱ्या चॅनलच्या (अडॅप्टरच्या सेटिंगच्या संचाच्या) प्रगत सेटिंगमध्ये ही सोय चालू करून तिच्याखालच्या ‘फाइल नेम’च्या चौकटीत खूण करायची, आणि घेणाऱ्या चॅनलवरही तेच करायचे. खूण एकाच बाजूला केली जाते आणि दुसरी राहते, हा या सोयीबाबतचा सर्वांत नेहमीचा घोटाळा आहे. मधला मॅपिंगचा टप्पा या गुणधर्माला, म्हणजे टिपलेल्या नावाला, हात लावत नाही. मात्र गरज पडल्यास मॅपिंगमधल्या जावा फंक्शनमधून ‘डायनॅमिक कॉन्फिगरेशन’द्वारे तो वाचता किंवा बदलता येतो. घेणाऱ्या चॅनलवर फाइलच्या नावाचा रकाना सक्तीचा असल्यामुळे तिथे काहीतरी लिहावेच लागते, पण हेडरमधून नाव आले की त्या रकान्याकडे दुर्लक्ष होते. नव्याने चॅनल पाहणारा माणूस त्या रकान्यातले ‘डमी’ वाचून गोंधळतो, म्हणून चॅनलच्या वर्णनात त्याचा खुलासा लिहून ठेवणे बरे.

त्याच चॅनलवर फाइल कशी तयार करायची याचा पर्याय असतो, आणि तो ‘टाइमस्टॅम्प जोडा’ असा राहून गेला असेल तर सगळे व्यवस्थित करूनही नावाला वेळेचे शेपूट लागते. ते टाळण्यासाठी साधा ‘क्रिएट’ निवडायचा. आणखी एक चौकट आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही: गुणधर्म सापडला नाही तर मेसेज अयशस्वी ठरवावा का, हे ती विचारते. माझ्या मते नाव टिकवणे हा इंटरफेसचा भाग असेल तर इथे खूण हवीच. चुकीच्या नावाने पोहोचलेली फाइल ही न पोहोचलेल्या फाइलपेक्षा जास्त त्रास देते, कारण न पोहोचलेली फाइल निदान कोणीतरी शोधू लागते.

आता नाव वाटेत कुठे गळते ते पाहू. पहिली जागा म्हणजे मेसेज नव्याने बांधला जातो ती. बिझटॉकच्या ऑर्केस्ट्रेशनमध्ये, म्हणजे अनेक पायऱ्या जोडणाऱ्या प्रक्रियेत, नवा मेसेज तयार केला की जुन्याचा कॉन्टेक्स्ट आपोआप येत नाही. तो स्पष्टपणे नक्कल करावा लागतो. दुसरी जागा म्हणजे मधला एचटीटीपीचा टप्पा. कॅमल स्वतःचे अंतर्गत हेडर एचटीटीपीवरून बाहेर जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण अंतर्गत माहिती बाहेर जाणे आणि बाहेरच्या कोणीतरी ती आत ढकलणे, दोन्ही धोक्याचे आहे. पण त्यामुळे एका फ्लोने (मेसेजवरच्या पायऱ्यांच्या साखळीने) दुसऱ्याला एचटीटीपीवरून बोलावले की नाव अलीकडेच राहते. एसएपीच्या क्लाउड इंटिग्रेशनचा पाया कॅमलच असल्यामुळे तिथेही हाच अनुभव येतो, आणि कोणते हेडर आत घ्यायचे याची यादी फ्लोच्या सेटिंगमध्ये आपणच द्यावी लागते. अशा वेळी नाव स्वतःच्या वेगळ्या हेडरमध्ये न्यायचे आणि पलीकडे परत योग्य जागी बसवायचे, हा सरळ मार्ग आहे.

तिसरी जागा सर्वांत फसवी, कारण तिथे नाव हरवत नाही, उलट गरजेपेक्षा जास्त टिकते. एका फाइलमधल्या ५०० नोंदींचे स्प्लिटरने ५०० मेसेज केले, तर कॅमलमध्ये प्रत्येक तुकड्याला मूळ मेसेजचे हेडर मिळतात, म्हणजे सगळ्यांचे फाइलनाव एकच. फाइल लिहिणाऱ्या घटकाची त्याच नावाची फाइल आधीपासून असताना काय करावे याबाबतची मूळ वागणूक ‘तिच्यावर लिहा’ अशी आहे. परिणामी ५०० मेसेज यशस्वी झाल्याचे लॉग सांगतो, कुठेही लाल खूण दिसत नाही, आणि फोल्डरमध्ये एकच फाइल उरते, तिच्यात शेवटची नोंद. अपाची नायफाय या दुसऱ्या साधनात फाइल लिहिणाऱ्या ‘पुटफाइल’ची मूळ वागणूक याउलट आहे: त्याच नावाची फाइल सापडली की तो अपयश कळवतो. इथे मूळ नावाला तुकड्याचा क्रमांक जोडणे भाग आहे, आणि तो क्रमांक सर्व तुकड्यांत सारख्याच रुंदीचा ठेवावा, नाहीतर पलीकडे नावानुसार क्रम लावल्यावर १० हा २ च्या आधी येतो. याच्या उलटचा प्रसंग, म्हणजे अनेक फाइल एकत्र करून एक बनवण्याचा, थोडक्यात उरकतो: तिथे मूळ नावे बहुवचनी असतात, त्यामुळे नाव टिकवण्याची भाषाच सोडून नवे नाव ठरवावे आणि मूळ नावांची यादी मजकुरात द्यावी.

या सगळ्याच्या मुळाशी एक गल्लत आहे. ‘फाइलचे नाव’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो. एक, पाठवणाऱ्याने ठेवलेले मूळ नाव, ज्यात बऱ्याचदा शाखा, तारीख, अनुक्रमांक अशी खरीखुरी माहिती कोंबलेली असते आणि जी फाइलच्या आत कुठेच नसते. दोन, घेणाऱ्याच्या डिस्कवर फाइल ज्या नावाने लिहिली जाते ते नाव. पुष्कळदा ही दोन्ही सारखी असतात, पण नेहमी असतीलच असे नाही, आणि एकच हेडर दोन्हींसाठी वापरला की पहिल्या बदलालाच मूळ नाव कायमचे जाते. माझी पद्धत अशी की फ्लोच्या पहिल्याच पायरीत मूळ नाव एका स्वतंत्र गुणधर्मात उतरवून ठेवायचे आणि पुढे त्याला कोणीही हात लावायचा नाही. लिहिण्याचे नाव त्यावरून हवे तसे बनवायचे. आणि घेणाऱ्या प्रणालीला ते नाव माहिती म्हणून लागत असेल, तर हेडरच्या भरवशावर न राहता पेलोडमध्ये त्यासाठी रकाना ठेवायचा. मॅपिंगच्या तक्त्यात ‘मूळ फाइलनाव’ अशी एक ओळ वाढली की ते कोणाची जबाबदारी आहे हा वाद तिथेच मिटतो.

लिहिण्याचे नाव मूळ नावाहून वेगळे करावे लागते, याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दोन्हीकडच्या फाइल सिस्टिमचे नियम जुळत नाहीत. लिनक्सवर नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालते. विंडोजवर कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन, उभी रेघ, दुहेरी अवतरण, उलटी तिरकी रेघ आणि कोनी कंस चालत नाहीत, आणि नावाच्या शेवटी राहिलेले टिंब किंवा मोकळी जागा गुपचूप गळून पडते. कोलनची गोष्ट विशेष आहे, कारण नावात वेळ लिहिण्याची सवय अनेकांना असते. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिममध्ये कोलनचा अर्थ त्याच फाइलचा पर्यायी डेटा प्रवाह असा होतो. त्यामुळे ‘अहवाल_१०:३०’ असे नाव जसेच्या तसे फाइल सिस्टिमपर्यंत पोहोचले, तर ‘अहवाल_१०’ नावाची शून्य बाइटची फाइल दिसते आणि मजकूर ‘३०’ नावाच्या प्रवाहात जाऊन बसतो, जो फोल्डरमध्ये दिसतच नाही. लहान-मोठ्या लिपीचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे: लिनक्सवर एक्स्टेन्शन मोठ्या लिपीत आले की लहान लिपीतला मास्क, म्हणजे नावाचा नमुना, ती फाइल उचलत नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

देवनागरी नावे हा मात्र सावकाश पाहण्याचा विषय आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात, म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हे मावतात. एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे, आणि देवनागरीचे चिन्ह तिथे एकाच एककात बसते. म्हणून विंडोजवर बिनतक्रार तयार झालेले १०० चिन्हांचे नाव लिनक्सवर लिहिताच येत नाही. त्यात मिडलवेअरने टाइमस्टॅम्प जोडला तर ८५ पेक्षा लहान नावेही अडकतात.

दुसरा भाग एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये कशी लिहायची याचा. फाइल पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचे मूळ मानक, आरएफसी ९५९, १९८५ चे आहे आणि ते आस्की, म्हणजे साधी इंग्रजी, अक्षरे गृहीत धरते. यूटीएफ-८ नावांची सोय १९९९ च्या आरएफसी २६४० ने केली. फाइल सुरक्षितपणे पाठवणाऱ्या एसएफटीपीची जी आवृत्ती ओपनएसएसएच हे सॉफ्टवेअर वापरते, म्हणजे तिसरी, तिच्यात नावाचे एन्कोडिंग सांगितलेलेच नाही. नाव म्हणजे बाइटची माळ, अर्थ ज्याने त्याने लावावा. आणि मिडलवेअर जावाचे असेल तर आणखी एक गाठ आहे. जावा १८ पासून मजकुराचे मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झाले असले, तरी लिनक्सवर फाइलच्या नावांसाठी अजूनही सर्व्हरच्या लोकेलकडेच, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगकडेच, पाहिले जाते. लोकेल ठरवून न दिलेल्या कंटेनरमध्ये ते बहुधा ‘सी’ असते, आणि मग देवनागरी नाव यादीत प्रश्नचिन्हांसारख्या खुणांचे होऊन येते. त्या नावाने फाइल उघडायला गेल्यावर ‘फाइल सापडली नाही’ असा निरोप मिळतो, जो त्या नावापुरता अगदी खरा असतो. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये तासन्तास शोधण्याआधी कंटेनरचे लोकेल तपासावे.

तिसरा भाग मराठी नावांना खास छळणारा. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता (खालचे टिंब) अशा दोन चिन्हांनी. शिवाय अनेक कीबोर्ड तोच अर्धा र ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक अशा रीतीने उमटवतात. पडद्यावर तिन्ही नावे सारखी दिसतात, पण बाइट वेगवेगळे असल्यामुळे ईएक्सटी४ आणि एनटीएफएस यांच्या लेखी त्या तीन निरनिराळ्या फाइल आहेत, आणि एकाच फोल्डरमध्ये त्या शेजारी शेजारी राहू शकतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिममध्ये तर नावे विघटित रूपातच साठवली जात, म्हणजे मॅकवरून निघालेले नाव टंकलेल्या नावापेक्षा वेगळ्या बाइटचे असू शके. पाठवलेल्या फाइलींची यादी आणि मिळालेल्या फाइलींची यादी जुळवून पाहणारी प्रक्रिया अशा नावांपाशी अडते, आणि डोळ्यांनी कितीही वेळा वाचले तरी फरक सापडत नाही. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणल्यावर पहिली दोन रूपे एक होतात. जोडकाचे रूप मात्र वेगळेच राहते, त्यासाठी नियम आपणच लिहावा लागतो. हे सारे तुलनेपुरते करावे, मूळ नावाच्या नोंदीत करू नये, कारण पाठवणाऱ्याला पोच देताना त्याचेच बाइट परत द्यावे लागतात. जिथे नाव ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे तिथे मी लॅटिन अक्षरे, अंक, अधोरेखा आणि आडवी रेघ एवढ्यावरच थांबतो. मराठी शीर्षक मजकुरात द्यावे. हा सल्ला मराठीत लिहायला बरे वाटत नाही, पण रात्री चालणाऱ्या बॅचचे काम त्याने सुरळीत होते.

फाइल सिस्टिम सोडून भागीदाराकडे एएस२ ने (कंपन्यांमधल्या दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीने) किंवा एचटीटीपीने फाइल जात असेल, तर नाव ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या हेडरमधून जाते. ते पाठवणे ऐच्छिक असल्याने भागीदाराशी आधी बोलून घ्यावे. एचटीटीपीसाठी २०११ च्या आरएफसी ६२६६ मध्ये आस्कीबाहेरच्या नावांकरिता तारांकित पॅरामीटर दिलेला आहे; तो आणि साधा पॅरामीटर दोन्ही पाठवले की जुने प्रोग्रॅमही निभावून नेतात. आणि नाव बाहेरून येत असेल तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नये. त्यातला मार्गाचा भाग, विशेषतः दोन टिंबे आणि तिरकी रेघ, काढून टाकून उरलेले नावच वापरावे. नाहीतर नाव टिकवण्याच्या भरात आपण परक्याला आपल्या सर्व्हरवर हव्या त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा देऊन बसतो. साध्या कॅमल फ्लोमध्येही हे लक्षात घ्यावे की उपफोल्डरांसकट फाइल उचलल्यास ‘कॅमलफाइलनेम’मध्ये सुरुवातीच्या फोल्डरपासूनचा सापेक्ष मार्ग असतो आणि पलीकडे ते उपफोल्डरही तयार होतात. फक्त नाव हवे असेल तर त्यासाठी ‘कॅमलफाइलनेमओन्ली’ हा वेगळा हेडर आहे.

नाव तेच ठेवण्याचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. मिडलवेअर साधारणपणे ‘निदान एकदा तरी पोहोचवीन’ अशी हमी देते, म्हणजे पोच मिळाली नाही तर तोच मेसेज पुन्हा जातो. नाव स्थिर असेल तर दुसऱ्या खेपेची फाइल पहिलीच्या जागीच बसते; नावात लिहिण्याची वेळ असेल तर एकाच व्यवहाराच्या दोन फाइल पडतात आणि पलीकडची प्रणाली दोन्ही उचलते. पण तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलण्याची पद्धत वापरत असाल, आणि अर्धवट फाइल उचलली जाऊ नये म्हणून ती वापरायलाच हवी, तर एसएफटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीचा एक नियम आड येतो: त्या नावाची फाइल आधीच असेल तर नाव बदलणे चूक ठरते. ओपनएसएसएचमध्ये यासाठी वेगळे एक्स्टेन्शन आहे, पण अडॅप्टर ते वापरतो का हे पाहावे लागते. दोन पाठवणारे एकाच नावाने फाइल पाठवत असतील, तर नावांना उपसर्ग लावत बसण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळे फोल्डर देणे मला अधिक स्वच्छ वाटते.

चाचणीत साधे नाव, मोकळी जागा असलेले नाव, दोन टिंबांचे नाव, देवनागरी नाव आणि मर्यादेच्या जवळचे लांब नाव एवढे तर सगळेच घालतात. जी चाचणी राहून जाते ती म्हणजे अयशस्वी मेसेज हाताने पुन्हा चालवण्याची. मॅपिंगमध्ये एखादी नोंद फुटली की सपोर्टचा माणूस मॉनिटरमधून पेलोड उतरवून घेतो, चूक सुधारतो आणि चाचणीच्या साधनातून तो पुन्हा आत सोडतो. पेलोड येतो, हेडर येत नाहीत, आणि महिनोन्महिने नीट चाललेला इंटरफेस त्या एका फाइलला आयडीचे नाव देतो. गुणधर्म नसल्यास मेसेज अयशस्वी ठरवण्याची खूण केलेली असेल तर तो तिथेच थांबतो, आणि मग सपोर्टच्या सूचनापत्रात एक वाक्य लागते: सुधारलेली फाइल मूळ नावानेच पाठवणाऱ्याच्या फोल्डरमध्ये ठेवावी, मेसेज मधूनच सोडू नये. त्यासाठी मूळ नाव त्या माणसाला कुठेतरी दिसले पाहिजे, म्हणून ते मॉनिटरमध्ये शोधता येईल अशा रकान्यातही लिहून ठेवावे. फोन करणारा ‘अमुक नावाची फाइल कुठे आहे’ असेच विचारतो. मेसेजचा आयडी त्याला ठाऊक नसतो.